तोंडी व टेलिफोनवरील वैद्यकीय आदेश (परिचर्या)

डॉक्टरने केसपेपरवर न लिहिता बोलून दिलेली आणि परिचारिकेने लिहून घेऊन अमलात आणलेली उपचाराची सूचना. डॉक्टर समोर उभे असतील तर तिला वॉर्डात ‘व्हर्बल ऑर्डर’ म्हणतात, फोनवर असतील तर ‘टेलिफोनिक ऑर्डर’. औषध सुरू करणे किंवा थांबवणे, मात्रा बदलणे, सलाइनचा वेग, रक्ताच्या तपासण्या, ऑक्सिजन, पेशंटला उपाशी ठेवणे अशा कितीतरी गोष्टी रोज या वाटेने ठरतात. रात्रपाळीत तर त्यांचे प्रमाण आणखी वाढते.

आदेश घेण्याची रीत जगभर जवळजवळ एकच आहे. ऐकताना लिहायचे, लिहिलेले वाचून दाखवायचे आणि डॉक्टरने ‘बरोबर’ म्हटल्यावरच औषधाला हात लावायचा. कामाच्या धबडग्यात या पायऱ्या कागदी कटकट वाटतात. पण फोनवर कानी पडलेले वाक्य म्हणजे अजून आदेश नव्हे. ते कागदावर उतरले, मोठ्याने परत वाचले गेले आणि पलीकडून होकार आला म्हणजे आदेश तयार होतो. म्हणून सिस्टर इथे नुसती निरोप पोचवणारी नसते. आदेश पुरा होण्यात तिचा अर्धा वाटा असतो, आणि त्या अर्ध्या वाट्यात प्रश्न विचारण्याचा हक्कही येतो.

असा आदेश घेण्याची वेळ शक्यतो येऊच नये, हा पहिला नियम. अमेरिकेच्या सरकारी नियमांतही तोंडी आदेश क्वचितच वापरावेत असे म्हटले आहे. डॉक्टर वॉर्डातच आहेत, हात मोकळे आहेत, तर त्यांच्यापुढे केसपेपर आणि पेन ठेवावे. जाता जाता दारातून ‘सिस्टर, बारा नंबरला अँटिबायोटिक बदला’ असे सांगून निघून जाणे कुठल्याच धोरणात बसत नाही. सूट आहे ती हात अडकलेल्या डॉक्टरला, म्हणजे निर्जंतुक हातमोजे घालून शस्त्रक्रिया किंवा एखादी प्रक्रिया करत असलेल्याला; रुग्णालयाबाहेर असलेल्या ऑन-कॉल डॉक्टरला; आणि हृदय बंद पडल्यासारख्या घडीला. त्या घडीला लिहून, वाचून, होकार घेण्याइतका वेळ नसतो. तिथे ‘अ‍ॅड्रेनलिन एक मिलिग्रॅम’ असे ऐकले की सिस्टर तेच शब्द मोठ्याने म्हणते, औषध दिल्यावर ‘अ‍ॅड्रेनलिन एक मिलिग्रॅम दिलं’ असे पुन्हा सांगते आणि तिसरे कोणीतरी घड्याळ पाहून वेळ टिपत राहते.

फोनवरचा आदेश प्रत्यक्षात कसा घेतात ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, रात्रीचे दोन वाजले आहेत. हृदयाचे पंपिंग कमी झालेला, आदल्या दिवशी दाखल केलेला पेशंट उठून बसला आहे, त्याला धाप लागली आहे. फोन करण्यापूर्वी सिस्टर बीपी, नाडी, ऑक्सिजन पाहून घेते, केसपेपर उघडते आणि पेन हातात ठेवते. मग:

‘सर, मेडिसिन वॉर्डातून स्टाफ बोलतेय. काल दाखल केलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटला अर्ध्या तासापासून दम वाढलाय. बीपी १६० बाय १००, ऑक्सिजन ८८, पायांची सूज तशीच आहे. तुम्ही येऊन बघाल का? तोवर काय देऊ?’

‘निघालोच. लॅसिक्स फोर्टी, आयव्ही, स्टॅट. ऑक्सिजन लावा.’

‘लिहिलं, सर. वाचते.’ आणि ती पेशंटचे पूर्ण नाव व नोंदणी क्रमांक वाचते. खाटेचा नंबर नाही, कारण खाटा बदलतात. ‘इंजेक्शन फ्रुसेमाइड, चाळीस मिलिग्रॅम, चार-शून्य, शिरेतून, आत्ता एकदाच. ऑक्सिजन सुरू करते. औषधाची अ‍ॅलर्जी नाही. सकाळचं पोटॅशियम ३.१ आहे, सर.’

‘बरोबर. एवढा डोस द्या, पोटॅशियम परत पाठवा.’

पोटॅशियमचा आकडा तिने आपणहून सांगितला, हे इथे महत्त्वाचे. फ्रुसेमाइडने (हे लॅसिक्सचे मूळ नाव) लघवीवाटे पोटॅशियम आणखी जाते, ते आधीच कमी आहे, आणि झोपेतून उठलेल्या डॉक्टरपुढे रिपोर्ट नाही. तो तिच्यापुढे आहे. आधी परिस्थिती, मग पूर्वपीठिका, मग आपला अंदाज, शेवटी आपली विनंती, या क्रमाने बोलण्याच्या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एसबार’ म्हणतात. तिचे मूळ अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांत आहे. कैसर पर्मनेंटे या आरोग्यसंस्थेने ती रुग्णालयांत आणली. वरच्याला भिडस्तपणे, आडून आडून सांगण्याची सवय मोडायला तिचा फार उपयोग होतो.

वाचून दाखवण्याची अट अमेरिकेत जॉइंट कमिशन या मान्यता देणाऱ्या संस्थेने २००३ पासून लागू केलेल्या पहिल्या रुग्णसुरक्षा उद्दिष्टांत घातली. भारतात रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएच मंडळाच्या मानकांप्रमाणे तोंडी आदेश कोणी द्यायचे, कोणी घ्यायचे, सही कधी व्हायची याचे लेखी धोरण रुग्णालयाला ठरवावे लागते. अट किती कामाची आहे हे प्रयोगशाळांतून फोनवर कळवल्या जाणाऱ्या निकालांवरून दिसते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा ८२२ फोनांमध्ये ऐकणाऱ्याकडून निकाल परत वदवून घेतला, तेव्हा २९ चुका सापडल्या आणि जागच्या जागी दुरुस्त झाल्या. शंभरात साडेतीन, आणि तेही कोणी गोंधळाच्या घडीत नसताना.

चुका ठरावीक जागी होतात. आकडा ही पहिली जागा. आपल्याकडे डॉक्टर आकडे बहुधा इंग्रजीत सांगतात, आणि ‘फिफ्टीन’ व ‘फिफ्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात. म्हणून पूर्ण संख्या म्हणून झाल्यावर अंक सुटे म्हणायचे: एक-पाच, पाच-शून्य. मराठीत सांगितल्यानेही सुटका नाही. सतरा-सत्तर आहेच, आणि रेंज तुटली की ‘अडीच’मधला ‘अ’ जाऊन मागे काय उरले ते ‘दीड’सारखे वाटते. मराठीचा आणखी एक धोका क्रियापदात आहे. ‘आज इन्सुलिन देऊ नका’ यातला नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतो, आणि फोनवर शेवटचा शब्दच गिळला जातो. अनुभवी सिस्टर परत वाचताना वाक्य फिरवते: ‘म्हणजे आजचं इन्सुलिन बंद. बरोबर?’ ‘एक अँपूल द्या’ हेही पुरेसे नाही, कारण एकाच औषधाच्या वेगवेगळ्या ताकदीच्या अँपूल येतात. मात्रा मिलिग्रॅममध्ये किंवा युनिटमध्येच विचारून घ्यावी. लिहिताना ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा, ०.५ मधले आधीचे शून्य ठेवायचे आणि ५ च्या पुढे दशांश चिन्ह देऊन शून्य लिहायचे नाही, कारण ते चिन्ह पुसट झाले की पाचाचे पन्नास होतात.

दुसरी जागा नावांची. डोपामिन आणि डोब्युटामिन ही बीपी व हृदयासाठीची दोन वेगळी औषधे एकाच ट्रॉलीवर असतात. लॅसिक्सशी गल्लत होते म्हणून अमेरिकेत ‘लोसेक’ या आम्लपित्तावरच्या औषधाचे नाव १९९० मध्ये बदलून ‘प्रिलोसेक’ करावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सुचवलेल्या नऊ रुग्णसुरक्षा उपायांत सारख्या दिसणाऱ्या व सारख्या ऐकू येणाऱ्या नावांचा विषय आहे. ब्रँडची नावे अमाप असलेल्या आपल्या देशात औषधाचे मूळ नाव विचारणे आणि ‘हे कशासाठी देतोय, सर?’ हा एक प्रश्न जोडणे, यासारखा दुसरा आधार नाही. कारण कळले की चुकीचे नाव लगेच खटकते.

तिसरी जागा कानाची नाही, मनाची आहे. मानसोपचारतज्ज्ञ चार्ल्स हॉफलिंग आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयात वारंवार सांगितला जातो. अमेरिकेतल्या २२ वॉर्डांत ड्युटीवरच्या परिचारिकेला एका अनोळखी ‘डॉक्टर स्मिथ’चा फोन आला: अमुक पेशंटला ‘अ‍ॅस्ट्रोटेन’ २० मिलिग्रॅम द्या, मी येऊन सही करतो. औषध बनावट आणि निरुपद्रवी होते. डबीवर दिवसाची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम लिहिली होती, औषध मंजूर यादीत नव्हते आणि फोनवर आदेश घेणे त्या रुग्णालयांच्या नियमाविरुद्ध होते. तरीही २२ पैकी २१ जणी औषध घेऊन निघाल्या आणि त्यांना वाटेतच थांबवावे लागले. हाच प्रसंग नुसता कागदावर मांडून दुसऱ्या १२ परिचारिकांना विचारले, तेव्हा त्यांतल्या १० जणी ‘आम्ही देणार नाही’ म्हणाल्या होत्या.

या प्रयोगावरून परिचारिकांना दोष देणे अन्यायाचे आहे. १९७७ मध्ये रँक आणि जेकबसन यांनी तो बदलून केला. औषध ओळखीचे होते, व्हॅलियम हे शामक, आणि परिचारिकांना सोबतिणींशी बोलायची मोकळीक होती. तेव्हा जादा मात्रा द्यायला १८ पैकी दोघीच तयार झाल्या. औषधाची माहिती आणि विचारायला शेजारी कोणीतरी, एवढ्याने चित्र पालटले. रात्री चाळीस खाटांमागे एकटी सिस्टर ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे. काही रुग्णालयांत म्हणूनच फोन स्पीकरवर ठेवून दुसऱ्या परिचारिकेनेही आदेश ऐकावा असा नियम असतो.

आदेश पटला नाही तर काय करायचे? आधी स्पष्ट शब्दांत शंका सांगायची. समाधान झाले नाही तर औषध थांबवून ठेवायचे आणि वर कळवायचे. सरकारी रुग्णालयात ही साखळी अधिपरिचारिकेकडून (स्टाफ नर्स) परिसेविकेकडे (वॉर्डची इनचार्ज सिस्टर), तिथून अधिसेविकेकडे (मेट्रन) व वरिष्ठ डॉक्टरांकडे जाते. ‘शंका आल्याने औषध दिले नाही, अमुक वाजता कळवले’ ही नोंद करण्यात अवज्ञा काहीच नाही.

काही आदेश फोनवर घ्यायचेच नसतात. कर्करोगावरची केमोथेरपी थांबवायला तोंडी आदेश चालतो, सुरू करायला नाही. तिसऱ्याच्या तोंडून आलेला आदेशही ग्राह्य नाही. ‘सरांनी सांगितलंय’ असे नातेवाईक, वॉर्डबॉय किंवा स्वागतकक्षातले कोणी म्हणाले, तर सिस्टरने स्वतः डॉक्टरला फोन लावावा. आदेश घेण्याचे काम नोंदणीकृत परिचारिकेचे. विद्यार्थिनीवर ते ढकलू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठीचा फोटो पाठवण्याची पद्धत आता रुळली आहे. त्यात ऐकण्यातली चूक टळते. पण फोटोवर अनेकदा पेशंटचे नाव नसते, आणि पेशंटची माहिती सिस्टरच्या खासगी मोबाइलमध्ये पडून राहते. फोटो आला तरी वाचून दाखवणे सुटत नाही.

स्थायी आदेश हा प्रकार वेगळा. प्रसूतीनंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून उपकेंद्रातली एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) ऑक्सिटोसिनचे १० युनिट देते, ते आधीच लिहून ठेवलेल्या सूचनेनुसार. त्यासाठी फोन करावा लागत नाही.

नोंदीत आदेशाचे शब्द, तारीख, वेळ, डॉक्टरचे नाव, घेणारीचे नाव व सही आणि ‘वाचून दाखवले, होकार मिळाला’ हा उल्लेख येतो. डॉक्टरने त्याखाली प्रतिस्वाक्षरी करायची. आपल्याकडे यासाठी बहुधा २४ तासांची मुदत असते. सही राहिलेल्या केसपेपरला खूण लावून परिसेविका तो सकाळच्या राउंडला डॉक्टरपुढे उघडा धरते. सहीखाली डॉक्टरने तारीख आणि वेळ घालायची ती सही केली त्या घडीची, रात्री आदेश दिला त्या घडीची नव्हे.