करीबाच्या पायथ्याचा डोह

धरण जुनं झालं की आपण आधी भिंत न्याहाळतो. तडे गेलेत का, ओल झिरपतेय का? आफ्रिकेतल्या झांबेझी नदीवरच्या करीबा धरणाचं मोठं दुखणं मात्र भिंतीच्या पुढ्यात, पाण्याखाली वाढत होतं.

झांबिया आणि झिम्बाब्वेच्या सीमेवरचं हे जलविद्युत धरण १९५५ ते १९५९ या काळात बांधलं गेलं. उंची १२८ मीटर. मागच्या जलाशयात सुमारे १८० अब्ज घनमीटर पाणी मावतं. साठवणक्षमतेत जगातला हा सर्वांत मोठा मानवनिर्मित जलाशय. भिंत कमानीची आहे, म्हणजे पाण्याचा रेटा ती केवळ वजनाच्या बळावर पेलत नाही, तर दोन्ही काठांच्या आणि तळाच्या खडकावर सोपवते. खडक शाबूत, तरच भिंत शाबूत.

आणि घाव नेमका या खडकावरच बसत होता. पुराचं सगळं पाणी टर्बाइनमधून जाऊ शकत नाही. जास्तीचं पाणी भिंतीतल्या सहा दरवाजांतून उसळी घेऊन खाली नदीपात्रात आदळतं. नदीतले रांजणखळगे आपल्याला ठाऊक आहेत. ते दगडगोट्यांच्या घासण्याने पडतात. इथलं काम त्याहून दांडगं. कोसळत्या पाण्याचा दाब क्षणाक्षणाला चढतो-उतरतो, खडकाच्या फटींत शिरतो, फटी रुंदावतो, शेवटी अख्खा दगड उचकटून काढतो. असं होत होत सुमारे ८० मीटर खोल डोह तयार झाला. तो खोल झाला त्याहीपेक्षा मला धास्ती वाटते ती त्याच्या दिशेची: खडक झिजत झिजत डोह भिंतीच्या पायाकडे सरकण्याचा धोका होता. खाली नदीकाठी लाखो माणसं राहतात, आणि पुढे मोझांबिकमध्ये काहोरा बासा हे दुसरं प्रचंड धरण आहे.

मग दरवाजे उघडूच नयेत? तसं करता येत नाही. पूर आला तर जलाशयात जागा हवीच.

त्यात दरवाजांचंही वय झालं होतं. करीबाचं काँक्रीट आतून फुगतं. सिमेंटमधला अल्कली आणि खडीतली सिलिका यांची संथ रासायनिक क्रिया होऊन एक जेल बनतं, ते पाणी शोषून फुगतं. वाढ अगदी थोडी असते, पण दरवाजे अडवणाऱ्या झडपा ज्या खाचांत बसतात त्या वाकड्या व्हायला तेवढी पुरते. झडप नीट बसली नाही, तर मुख्य दरवाजा दुरुस्तीसाठी कोरडा करायचा कसा?

दुरुस्तीची कामं २०१७ पासून सुरू झाली. डोह बुजवायचा नाही, उलट खडक फोडून खालच्या दिशेला तो मोठा करायचा, असं ठरलं. पाण्याला पसरायला ऐसपैस जागा मिळाली की त्याचा जोर भिंतीपासून दूर जिरतो. त्यासाठी आधी तात्पुरता बांध घालून डोह उपसायचा आणि कोरड्या तळात उतरून खडक फोडायचा. दरवाजांपाशी नव्या खाचा आणि आणीबाणीची नवी झडपही बसवायची. काँक्रीटचं फुगणं मात्र थांबवता येत नाही. भिंत दरवर्षी किती सरकते, ते मोजत राहावं लागतं.