वणव्याच्या डोक्यावरची हवा

वणवा कुठे आणि किती वेगाने जाईल याचा अंदाज फार काळ जमिनीकडे पाहूनच बांधला जायचा. गवत किती वाळलंय, उतार कसा आहे, वारा कुठून येतोय, एवढंच पाहायचं. तरीही काही आगी अचानक रौद्र रूप घ्यायच्या आणि मुरलेली माणसंही त्यात सापडायची. अमेरिकेतल्या मोंटानातल्या मान गल्च या घळीत 5 ऑगस्ट 1949 रोजी असेच 13 अग्निशामक मृत्युमुखी पडले.

अमेरिकी वनसेवेतल्या जॉर्ज बायरम यांनी अशा आगींच्या वेळी वरच्या हवेत काय चाललं होतं ते तपासलं. 1954 मध्ये त्यांनी मांडलं की वारा आगीच्या पातळीजवळ जोरात आणि वर जावं तसा मंदावत असेल, तर धोका मोठा. वरचा वारा मंद असला की धुराचा लोट मोडत नाही, खांबासारखा उभा राहतो. तापलेली हवा त्यातून वर निघून जाते आणि तिची जागा घ्यायला भोवतालची हवा आगीकडे धावते. म्हणजे आग आपला वारा आपणच ओढून आणते. या विषयातली सर्वांत मोठी उमज मला हीच वाटते.

1988 मध्ये डोनाल्ड हेन्स यांनी खालच्या वातावरणाची अस्थिरता, म्हणजे हवा किती सहज वर चढते ते, आणि कोरडेपणा मिळून आग भडकण्याच्या धोक्याचा 2 ते 6 असा निर्देशांक दिला. वापरायला तो सोपा होता, पण त्यात वारा धरलेलाच नव्हता. ऑस्ट्रेलियात तर वरचे आकडे इतक्या वेळा येत की 2010 मध्ये तिथे मोजपट्टीच वाढवावी लागली.

याउलट, खाली गार आणि वर उबदार हवा असली की धूर दरीतच कोंडतो. 1987 च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथ दरीत तो तीन आठवडे साचून राहिला. ऊन अडल्यामुळे एक आठवडाभर दुपारचं तापमान नेहमीपेक्षा 15 अंशांहून जास्त खाली होतं. धुराने आपलं झाकण आपणच घट्ट केलं होतं.

वणव्यातून गडगडाटी ढग उभे राहतात आणि धूर थेट स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या नेहमीच्या थराच्याही वर, पोहोचवतात, हे विसावं शतक सरताना उमगलं. तोवर तिथल्या धुराचे काही थर ज्वालामुखींच्या माथी मारले जात. कॅनबेराजवळ 18 जानेवारी 2003 रोजी अशाच ढगांखाली आगीचा खराखुरा चक्रीवात (टोर्नेडो) फिरला.

आता मोठ्या आगीजवळूनही हवामानाचे फुगे सोडले जातात. उबदार हवेचं झाकण किती उंचीवर आहे हे त्यातून कळतं. ते झाकण दुपारी कधी फुटेल आणि आग भडकेल याचा अंदाज घेऊन, त्याआधीच माणसं दरीतून बाहेर काढता येतात.