आगळ आणि अमृत कोकम: एकाच रातांब्याचे दोन वेगळे धंदे

मे महिन्यात कोकणात कुठल्याही घरगुती विक्रीच्या टेबलावर लाल बाटल्यांच्या दोन रांगा दिसतात. दोन्हींवर ‘कोकम’ लिहिलेलं, दोन्हींचा रंग सारखाच. मुंबईचं गिऱ्हाईक त्यातली एक उचलतं, घरी जाऊन ग्लासभर थंड पाण्यात घालतं आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करतं, कारण हातात सरबत नाही, आगळ, म्हणजे सोलकढीसाठीचा खारट कोकमरस, आलेला असतो. गंमत बाजूला ठेवून हिशेब करा. सरबताच्या सवयीने एकास पाच पाणी घातलं, तर ४० मिली आगळातून ६ ग्रॅमच्या आसपास मीठ ग्लासात उतरतं. म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या दोन-तृतीयांश खारटपणा! ते गिऱ्हाईक तुमच्याकडे पुन्हा येत नाही, आणि चूक त्याची नसते.

घरच्या घरी कोकमाचा धंदा सुरू करायचा म्हणणारेही बऱ्याचदा याच गोंधळात असतात. ‘कोकमाचं करतोय’ एवढंच ठरलेलं असतं. पण आगळ मिठावर टिकतं आणि अमृत कोकम, म्हणजे सरबताचा गोड पाक, साखरेवर. भांडवल किती अडकणार, माल कसा बिघडणार, घेणारं गिऱ्हाईक कोण, हे सगळं त्या एका फरकावरून ठरतं.

फळ मात्र दोन्हींना एकच. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, झाडावर हिरव्याचा लाल आणि लालाचा गर्द जांभळट झाला की घ्यायचा. अर्धवट लाल फळाला आंबटपणा येतो, रंग येत नाही. मुख्य हंगाम एप्रिलअखेर ते मे. वळीव पडला की फळ पाणचट होतं, जमिनीवर पडलेल्याला बुरशी धरते. पावसात भिजलेला माल स्वस्त मिळतो म्हणून सरबताला घेऊ नये. आगळाला निवडून चालेल. फळं धुऊन, फडक्याने पुसून, सावलीत पूर्ण कोरडी करून मगच कापायची. हा अर्धा दिवस वाचवणाऱ्याला पुढे महिनाभर मनस्ताप होतो.

मिठाचं काम

आगळासाठी फळ दोन भाग करून सालीसकट, गरासकट घेतात. किलोला १५० ते १६० ग्रॅम मीठ लावून चिनी मातीच्या बरणीत किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकच्या पिंपात भरतात. रोज एकदा कोरड्या लाकडी पळीने खालीवर करायचं. सात-आठ दिवसांत साल रस सोडते. मग मलमलच्या फडक्यातून गाळायचं, एक दिवस स्थिर ठेवून वरचा निवळ रस बाटलीत भरायचा. जाडं मीठ वापरत असाल तर त्यातली बारीक माती तळाशी बसते, म्हणून शेवटचा गढूळ पेला घरच्या सोलकढीला ठेवावा, विकू नये. गाळताना बिया रगडू नयेत. बी फुटली की कडवट चव उतरते.

फळाचं आम्ल आणि एवढं मीठ एकत्र आल्यावर आगळाला दुसरं परिरक्षक लागत नाही, वर्षभर राहतं. बिघडतं ते मीठ कमी केल्यामुळे. ‘लोकांना खारट नको असतं’ म्हणून कुणी किलोला ८०-९० ग्रॅमवर येतं, आणि पंधरा दिवसांत वर पांढरी साय धरते. ती काढून टाकून माल विकणं हा उपाय नव्हे.

झाकणांकडे खास लक्ष हवं. पत्र्याचं झाकण आतून कितीही लेप दिलेलं असो, मीठ आणि आम्ल मिळून कडेकडेने त्याला खातात. तीन-चार महिन्यांत आट्यांवर तपकिरी कड दिसते आणि गंजाची चव वरच्या थरात उतरते. आगळाला प्लास्टिकचंच झाकण. ॲल्युमिनियम आणि लोखंडाचं भांडं दोन्ही पदार्थांना वर्ज्य. स्टीलच्या पातेल्यात गाळलं तर चालेल, साठवायचं नाही.

साखरेचं काम

अमृत कोकमाला फक्त साल घेतात. गर आणि बिया वेगळ्या काढायच्या. सालीचं वजन फळाच्या साधारण निम्मं भरतं. एक किलो सालीला दोन किलो साखर: बरणीत सालीचा थर, साखरेचा थर, आणि सगळ्यात वर साखर. हे वरच्या थराचं म्हणणं नुसत्या शोभेचं नाही. वरची साल उघडी राहिली की तिच्यातून सुटलेला पातळ रस साखरेविना तिथेच थांबतो, आणि आंबणं तिथूनच सुरू होतं. बरणीच्या तोंडाला फडकं बांधून दिवसा उन्हात ठेवतात, रोज हलवतात. सात-आठ दिवसांत साखर विरघळते. तळाशी थोडी राहिली तर घाबरायचं कारण नाही. आम्लाने साखर फुटत जाते, त्यामुळे हा पाक नुसत्या साखरेच्या पाकापेक्षा जास्त साखर पोटात घेतो. गाळल्यावर चवीला मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड.

१० किलो फळातून ५ किलो साल, तिला १० किलो साखर, आणि साधारण ९ लिटर पाक, असा हिशेब बसतो. पाकात विरघळलेली साखर किती, हे रिफ्रॅक्टोमीटरने तपासावं. हातात धरायचं साधं यंत्र पुरतं, एक थेंब काचेवर टाकून आकडा वाचायचा. फळांच्या सरबत-सिरपाला कायद्याने किमान ६५ टक्के विद्राव्य घटक (विरघळलेली साखर वगैरे) आणि २५ टक्के फळरस लागतो. व्यवहारात ६८ ते ७० वर आणलेलं बरं. ६० वर राहिलेली बाटली जूनच्या दमट हवेत फसफसते, झाकण फुगतं.

परिरक्षक म्हणून सोडियम बेंझोएट घालायचं असेल तर किलोला ६०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. चमच्याने अंदाज करण्याची ही वस्तू नाही, दागिन्यांचा छोटा वजनकाटा घ्या. चमचाभर पाण्यात विरघळवून शेवटी मिसळायचं आणि लेबलवर लिहायचं. आंबा, लिंबाच्या सवयीने कुणी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे दुसरं परिरक्षक घालतं. कोकमात ते मुळीच नको, कारण त्यातून सुटणारा वायू कोकमाचा लाल रंगच उडवतो. घाई म्हणून पाक उकळणारेही आहेत. त्याने तपकिरी झाक येते आणि मुरंब्याची चव. अमृत कोकमाचं नाव लावण्यासारखं ते राहत नाही.

आगळ उरलंय तर त्यातच दुप्पट साखर ओतून सरबत करावं, ही कल्पना दरवर्षी कुणाला तरी सुचतेच. त्या पाकात पाच टक्के मीठ राहतं, म्हणजे पाणी घातल्यावर गोड सार!

पैसा कुठे अडकतो

१०० किलो रातांब्यांच्या आगळाला १५-१६ किलो मीठ लागतं, काही शे रुपयांचं काम. तेवढ्याच फळांच्या अमृत कोकमाला १०० किलो साखर. ४५ रुपये किलो धरली तर ४,५०० रुपये, शिवाय जास्त बाटल्या. ही रक्कम मे महिन्यातच घालावी लागते, आणि इथे खरी मेख आहे. सरबताची मागणी मार्च ते जून, फळ मात्र एप्रिल-मे मध्ये. म्हणजे केलेल्यातलं थोडं सुट्टीला आलेले चाकरमानी नेतात, थोडं गणपतीत जातं, आणि बाकीचं पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहत पडून राहतं. काचेच्या पारदर्शक बाटल्या दुकानाच्या दर्शनी फळीवर उन्हात ठेवल्या की रंग तपकिरी होत जातो. साठा अंधारात, खोक्यात ठेवावा.

आगळाचं गिऱ्हाईक निराळं. मासे खाणारं घर, खानावळ, बाराही महिने सोलकढी करणारी मंडळी. एका नारळाच्या दुधाला पाव वाटी पुरतं, म्हणून बाटली सावकाश संपते. पण एकदा चव बसली की तेच घर पुन्हा येतं. भांडवल कमी असेल, साखरेचे पैसे उधारीवर आणावे लागणार असतील, तर पहिल्या वर्षी आगळ करा आणि अमृत कोकम फक्त १०-१५ बाटल्या. पर्यटकांच्या वाटेवर घर असेल तर प्रमाण उलटं केलं तरी चालेल. दोन्हींचा उतारा पहिल्या ५ किलोंना मोजून वहीत लिहावा, कारण झाडागणिक रस कमीजास्त असतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती आहेत. आपल्या आवारातलं झाड कुठलं हे ठाऊक असेल तर उत्तम.

सरबताच्या बाजूला उरलेला गर आणि बिया टाकू नका. गराला मीठ लावून त्याच रसाची पुटं वेगळ्या ठेवलेल्या सुकत्या सालींना दिली की आमसुलं होतात. बियांपासून कोकमतेल निघतं. आगळातून गाळून उरलेली सालही वाळवतात, पण तिचा रस आधीच गेलेला. ती पहिल्या प्रतीची आमसुलं म्हणून विकणं म्हणजे स्वतःच्याच नावाला बट्टा.

घरून विकायचं तरी अन्न सुरक्षा नोंदणी हवी, तिचा १४ अंकी क्रमांक बाटलीवर हवा. सोबत घटक, निव्वळ प्रमाण, बॅच, तारखा, किंमत, पत्ता आणि शाकाहारी खूण. ‘सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम’ या नावाला भौगोलिक मानांकन आहे. ते चिन्ह वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं, नुसतं कोकणात राहून भागत नाही.

दोन बाटल्यांना ‘कोकम ज्यूस’ हे एकच लेबल चिकटवू नका. एकीवर ठळक ‘आगळ: खारट, सोलकढीसाठी, वर मीठ घालू नये’. दुसरीवर ‘अमृत कोकम: गोड, एक भागास पाच भाग पाणी’. रक्तदाब असलेल्याने आगळ जपून घ्यावं, आणि मधुमेह असलेल्याला सांगावं की सरबताच्या एका ग्लासात सात-आठ चमचे साखर आहे. लेबल गळून पडलंच तर बाटली आडवी करून सरळ करा: आगळ पाण्यासारखं खाली येतं, अमृत कोकम काचेला पातळ लाल पडदा धरून सावकाश उतरतं, आणि तळाशी जिऱ्याचे कण दिसतात.