इले ओरी

इले ओरी (शब्दशः ‘डोक्याचे घर’) : नैऋत्य नायजेरिया व लगतच्या बेनिनमधील योरुबा लोकांचे वैयक्तिक देवस्थान. योरुबा समजुतीप्रमाणे जन्माला येण्याआधी प्रत्येकजण अजाला नावाच्या कुंभाराकडून आपले डोके निवडून आणतो. अजालाची काही डोकी कच्ची राहिलेली, काही तडकलेली असतात. तसले हाती आले, तर जन्मभर राबूनही पदरात काही पडत नाही. आपल्याकडे ‘कपाळी लिहिलेले’ म्हणतात. इथे कपाळ ज्याचे त्यानेच उचललेले असते. दिसणारे डोके ते ओरी ओदे, आतले ते ओरी इनू. ओरीने साथ दिली नाही, तर कोणताही ओरिशा (देव) पाठीशी उभा राहू शकत नाही, म्हणून तिचा मान पहिला.

पूजा होते ती आत ठेवलेल्या इबोरीची. ही वीतभराहूनही लहान, निमुळती वस्तू. इफा कौलाचा पुरोहित, म्हणजे बाबालावो, फळीवर इयेरोसून ही लाकडाची पूड पसरून धन्याच्या नशिबाची चिन्हे बोटाने उमटवतो. तीच पूड इबोरीच्या पोटात जाते आणि वरून चामडे व कवड्या शिवतात. त्यामुळे एकाची इबोरी दुसऱ्याच्या उपयोगाची नसते.

बाहेरचे घर कापड व चामड्याचे, टोकाला निमुळते, राजमुकुटाच्या घाटाचे. टोकावर कधी पक्षी असतो, मुकुटावर असतो तसाच. कवडीची पाठ फोडून ती सपाट बसवतात व चीर दर्शनी ठेवतात. मालदीवची ही कवडी, आराध्यांच्या माळेतली. पण योरुबा प्रदेशात १९ व्या शतकात ती रोजचे चलन होती. २०,००० कवड्यांची एक गोणी धरत. एका इले ओरीवर १२,००० पर्यंत कवड्या लागल्याचे नमूद आहे. म्हणजे अर्ध्या गोणीहून जास्त पैसा शिवून टाकलेला. ओरी फळल्याची याहून उघड खूण नाही. कवडीचा पांढरा रंग शीतलतेचा, माणसाचा देह घडवणाऱ्या ओबातालाचा. तापलेले डोके घात करते, ही धारणा त्यामागे आहे. राजघराण्यात कवड्यांची जागा रंगीत मणी घेतात.

पूजेत आधी थंड पाणी, मग कोलाबी (कोला झाडाची बी). कौलासाठी तिची चार पाकळ्यांची जात, ओबी आबाताच लागते: दोन नर, दोन मादी. बाजारात सहज मिळणारी गबांजा ही जात दोनच दलांची, तिच्यावर कौल लागत नाही. बी डोक्याला टेकवून पाकळ्या सुट्या करतात व जमिनीवर टाकतात. दोन उताण्या, दोन पालथ्या पडल्या की मान्यता. चारही पालथ्या पडल्या, तर ओरीला आणखी काय हवे ते विचारून पुन्हा टाकावे लागते.

धनी वारला की इबोरी उसवून आतली द्रव्ये त्याच्या थडग्यावर विखुरण्याची रीत आहे.