शंभरपैकी किती? रामेनच्या गुणपत्रिकेची पार्श्वभूमी

टोकियोत ऑफिस सुटल्यावर एखादा माणूस एकटाच रामेनच्या, म्हणजे गरम रश्शातल्या नूडल्सच्या, दुकानाबाहेर रांगेत उभा राहतो. दारातल्या यंत्रात पैसे टाकून कुपन घेतो, काउंटरवर बसून दहा-पंधरा मिनिटांत वाडगा संपवतो आणि बाहेर पडल्या पडल्या फोनवर गुण टाकतो: ८२. कालच्या दुकानाला त्याने ७६ दिलेले असतात. दुकानं पालथी घालायच्या या छंदाला जपानीत ‘ताबेआरुकी’ म्हणतात, म्हणजे खात खात हिंडणं. ओसाकी हिरोशी यांनी तर याचाच पेशा केला. त्यांच्या पोटात आजवर गेलेल्या वाडग्यांचा आकडा २० हजारांच्या पुढे सांगतात.

हे वेड रामेनलाच का चिकटलं? सुशीचं चांगलं दुकान एका बैठकीत वीस-तीस हजार येन सहज घेतं. वर्षात अशी दोनशे दुकानं कोण तोलून बघणार? रामेन स्वस्त, म्हणून साधा नोकरदारसुद्धा परीक्षक होऊ शकला. पण नुसत्या स्वस्ताईने भागत नाही, दुकानागणिक चवही वेगळी लागते. आणि ती बरीच वर्षं तशी नव्हती.

१९१० साली टोकियोच्या आसाकुसा भागात ‘राइराइकेन’ सुरू झालं. योकोहामाच्या कस्टममधून बाहेर पडलेल्या ओझाकी कानइची यांनी तिथल्या चिनी वस्तीतले आचारी आणून ते काढलं होतं. आसाकुसा म्हणजे तेव्हाची नाटक-सिनेमाची पेठ. तमाशबीन गर्दीला झटपट, गरम आणि पोटभर मिळणारी ‘शिना सोबा’ (म्हणजे चिनी नूडल्स, रामेनचं तेव्हाचं नाव) आवडली. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘शिना’ या शब्दाला चीनची हेटाळणी केल्याचा वास येऊ लागला आणि ‘चूका सोबा’ हे त्याच अर्थाचं नाव पुढे आलं. त्याच काळात तांदळाची टंचाई होती, अमेरिकेचा गहू येत होता आणि काळ्या बाजाराच्या कडेने हातगाड्या उभ्या राहत होत्या. भुकेल्या माणसाला तेव्हा वाडगा मिळाला हेच खूप होतं, गुण कोण देणार?

‘रामेन’ हे नाव घरोघरी पोचवलं ते १९५८ मध्ये बाजारात आलेल्या निस्सिनच्या चिकन रामेनने, म्हणजे पाकिटातल्या नूडल्सनी. आपल्याकडेही बहुतेकांची ओळख त्याच दाराने झाली. गंमत अशी, की पाकिटाने नाव एक केलं तरी गावोगावच्या चवी निरनिराळ्याच राहिल्या. दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरच्या कुरुमे गावात १९३७ पासून डुकराच्या हाडांचा रस्सा उकळत होता. सापोरोत १९५० च्या दशकात रश्शात मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) पडला. टोकियोत यामागिशी काझुओ यांनी १९५५ मध्ये नूडल्स वेगळ्या आणि बुडवायचा रस्सा वेगळा असा प्रकार विकायला काढला; आज त्याला ‘त्सुकेमेन’ म्हणतात.

वाडग्याची रचनाच अशी, की प्रत्येक ठिकाणी फरक करायला जागा आहे. तळाशी ‘तारे’ म्हणजे खारट अर्क, त्यावर रस्सा, मग नूडल्स, वर तरंगणारं सुवासिक तेल (आपली तर्रीच म्हणा) आणि शेवटी मांसाचे काप, अंडं, बांबूचे कोंब. नूडल्सच्या पिठात ‘कानसुई’ हे क्षाराचं पाणी लागतं. पापडात पापडखार घालतात त्याच जातीचं हे काम: पीठ पिवळसर होतं आणि नूडल्सना चिवट ताण येतो. त्याचं प्रमाण जरा हललं तरी सराईत जिभेला कळतं.

सुशीच्या आचाऱ्याला वर्षानुवर्षं उस्तादाच्या हाताखाली राबावं लागतं. रामेनमध्ये असं घराणं नव्हतं. १९७० च्या दशकात पगारी नोकऱ्या सोडून लोक रामेनची दुकानं काढू लागले. याला जपानीत ‘दात्सुसारा’ असा शब्दच आहे. अमुकच खरी कृती असं बजावणारं कोणी नाही, त्यामुळे प्रयोगाला मोकळं रान मिळालं. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गोम इथे आहे. शास्त्र सांगणारा गुरू नसला, की निवाडा गिऱ्हाइकाकडे जातो.

१९९० च्या दशकात हा निवाडा टीव्हीवर आला. ‘रामेनचा राजा’ निवडणाऱ्या स्पर्धेत चाहते कोणत्या दुकानाचा वाडगा हे ओळखून दाखवायचे. दुकानात बोलायलाही मनाई करणारे सानो मिनोरू ‘रामेनचा राक्षस’ म्हणून पडद्यावर गाजले. १९९४ मध्ये शिन-योकोहामाला रामेनचं संग्रहालय उघडलं आणि दूरदूरच्या गावांचे वाडगे एका छपराखाली चाखता येऊ लागले. १९९६ या वर्षाची आठवण तर जाणकार अजून काढतात. मेन्या मुसाशी, आओबा आणि कुजिराकेन ही तिन्ही दुकानं त्याच वर्षीची. आओबाने हाडांचा आणि माशांचा रस्सा वेगवेगळा शिजवून वाडग्यात एकत्र केला, त्याची नक्कल पुढे देशभर झाली.

मग गुणांची रीत बसली. रामेनच्या खास संकेतस्थळावर १०० पैकी गुण, तर २००५ मध्ये आलेल्या ताबेलोग या सगळ्या उपाहारगृहांच्या संकेतस्थळावर ५ पैकी. तिथे ३.५ म्हणजे उत्तम दुकान. आपल्या अ‍ॅपवर ४.२ बघूनही नाक मुरडणाऱ्यांना हे चमत्कारिक वाटेल, पण जपानी गिऱ्हाईक गुणांच्या बाबतीत कंजूस. कोदान्शा या प्रकाशनाचे वार्षिक रामेन पुरस्कार मात्र शोयू (सोया सॉस), मीठ, मिसो अशा वर्गांत दिले जातात, आणि ते शहाणपणाचं आहे. मिठाच्या नितळ रश्शाला आणि लसूण-चरबीच्या डोंगराला एकाच फूटपट्टीने मोजणं म्हणजे भजन आणि लावणीला एकच गुणपत्रिका.

डिसेंबर २०१५ मध्ये मिशलिन या फ्रेंच खाद्य-मार्गदर्शिकेने टोकियोतल्या सुगामोच्या ‘त्सुता’ला तारा दिला, असा मान मिळालेलं हे पहिलं रामेनचं दुकान. जागा नऊ जणांची. गर्दी इतकी लोटली, की सकाळी हजार येन अनामत ठेवून वेळेचं तिकीट घ्यावं लागे. जेवणाआधीची अनामत आणि खुद्द जेवण जवळपास एकाच किमतीचं! पुढे २०२० च्या आवृत्तीत तो तारा राहिला नाही.

हजाराचा हा आकडा धंद्यात ‘हजार येनची भिंत’ म्हणून ओळखला जातो, कारण त्यापुढे गेलं की गिऱ्हाईक बिचकतं. पण मुरवलेला शोयू, निवडक कोंबड्या, स्वतः दळलेलं पीठ हे सगळं गुणांच्या चढाओढीतूनच आलं, आणि पीठ-इंधन महागल्यावर भिंत ठिकठिकाणी ओलांडली गेली. ६५० येनचा वाडगा वर्षातून तीनशे वेळा खाल्ला तर १ लाख ९५ हजार येन होतात. ११०० ने तोच हिशेब ३ लाख ३० हजारांवर जातो.