फुसका बार

पोकळ घोषणेला आपण ‘फुसका बार’ म्हणून हसतो. पिस्तुलातला फुसका बार हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. अमेरिकेत अनेक हौशी नेमबाज झाडून झालेल्या पितळी पुंगळ्या गोळा करतात आणि घरीच पुन्हा भरतात. बुडाला नवी टोपी म्हणजे प्रायमर, आत मोजून दारू, वर गोळी. या उद्योगाला रिलोडिंग म्हणतात. अशा भरलेल्या काडतुसांतलं एखादं ‘ठो’ऐवजी ‘फट्’ करतं, आणि भरणाऱ्याच्या डोक्यात पहिल्यांदा येतं ते एवढंच, की दारू थोडी वाढवावी. माझ्या मते सगळ्यात घातक विचार हाच. बार कमजोर निघण्याची कारणं बरीच असतात, आणि त्यांतल्या निम्म्यांचा दारूच्या मापाशी संबंधच नसतो.

मुळात दारू लागते किती? ९ मिलिमीटर लुगर काडतुसात साधारण ५ ग्रेन, म्हणजे जेमतेम ०.३२ ग्रॅम. एवढ्या चिमटीवर साडेसात ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ३५० मीटरचा वेग पकडते, आणि ती नळीबाहेर पडेपर्यंत एक मिलिसेकंदही लागत नाही.

हीच चिमूट उघड्यावर पेटवली तर नुसती पिवळी ज्योत भुर्रकन उठते, आवाज नाही. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून निर्धूर दारू तयार केली. अशी दारू किती वेगानं जळेल हे भोवतालच्या दाबावर ठरतं, आणि तो नियमही त्यांच्याच नावानं ओळखला जातो. दाब चढला की दारू भराभर जळते, भराभर जळली की वायू वाढतो, वायू वाढला की दाब आणखी चढतो. पैशाकडे पैसा जातो, तसा इथे दाबाकडे दाब जातो. गरिबीचंही तसंच. सुरुवातीलाच दाब गळाला तर जळणं मंदावतं, आणि दारू अर्धी कच्ची असतानाच गोळी निघून जाते.

म्हणून माप अचूक असलं तरी पुंगळीच्या तोंडाची पकड ढिली असेल तर बार फुसका निघतो. गोळी सहज आत जावी म्हणून भरताना ते तोंड किंचित फुलवतात आणि नंतर पुन्हा आवळतात. फुलवणं जास्त झालं, आवळणं कमी पडलं किंवा पुंगळीचं पितळ पातळ असलं, की टोपीच्या पहिल्या झटक्यालाच गोळी सुटते. मागची जागा वाढते आणि दाब तयार होण्याआधीच पसरतो. मॅग्नम रिव्हॉल्वरच्या मंद जळणाऱ्या दारूला ही ढिलाई अजिबात सोसत नाही. एच-११० ही त्यांतलीच एक. दिलेल्या मापापेक्षा ती फार कमी भरू नका, असं ती विकणारी हॉजडन कंपनीच बजावते. कमी दारू म्हणजे सौम्य बार, हा सरळ हिशेब तिथे लागू पडत नाही.

.३८ स्पेशलची गंमत निराळी. १८९८ च्या सुमाराचं हे काडतूस काळ्या दारूसाठी घडवलेलं, त्यामुळे पुंगळी ऐसपैस. आजच्या निर्धूर दारूचं माप तिच्यात एका कोपऱ्यात पडून राहतं. नळी खाली झुकवून मग समोर धरली तर दारू गोळीकडे सरकते आणि टोपीच्या ज्वाळेपासून लांब जाते. नळी वर करून मग समोर आणली तर ती टोपीला लागून बसते. त्याच डब्यातली काडतुसं असूनही पहिल्या रीतीत वेग कमी येतो, दुसऱ्या रीतीत जास्त. कारण ठाऊक नसलेला माणूस तराजूला शिव्या घालत बसतो.

कमजोरी ओळखायची तर आधी झाडलेली पुंगळी पाहावी. पुरेसा दाब असला की पितळ फुगून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट बसतं आणि वायूला मागे येऊ देत नाही. पुंगळीच्या अंगावर काजळी पसरली असेल, तर ते फुगणं अपुरं झालं. पुंगळ्या दूर उडण्याऐवजी पायाशी पडत असतील, पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, म्हणजे स्लाइड, अर्ध्यात अडत असेल, तर तीही दाब कमी असल्याचीच खूण.

मग प्रश्न असा, की सगळीच काडतुसं कमजोर आहेत की एखादंच? सगळीच असतील तर तराजू आणि मापपात्र तपासावं. पंख्याच्या झुळकेनंही नाजूक तराजूचा आकडा हलतो. थंडीत बऱ्याच दारूंचा जोर थोडा उतरतो. कधी दोष काडतुसात नसतोच. रिलोडिंगच्या माहितीपुस्तकातला वेग लांब चाचणी-नळीतून मोजलेला असतो आणि आपलं पिस्तूल आखूड असतं. रिव्हॉल्वरमध्ये तर सिलिंडर आणि नळी यांच्या फटीतून वायूही निसटतो. वेग मोजणारा क्रोनोग्राफ नळीच्या फार जवळ ठेवला तर बाहेर पडलेला वायूच त्याला चकवतो. स्पर्धकाला मात्र ही सबब चालत नाही. अमेरिकेतल्या यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांत गोळीचं ग्रेनमधलं वजन आणि सेकंदाला फुटांतला वेग यांचा गुणाकार हजारानं भागून किमान १२५ यावा लागतो. ११५ ग्रेनच्या गोळीला त्यासाठी सुमारे १०८७ फूट वेग हवा. त्याखाली आलात तर खेळा, पण गुण मिळणार नाहीत.

एखादंच काडतूस फुसकं निघालं तर प्रकरण गंभीर. पापुद्र्यांसारखे दाणे असलेली दारू मापयंत्राच्या नळीत कधी कमान करून अडकते. एका पुंगळीत जवळजवळ काहीच पडत नाही, आणि धक्का लागून कमान ढासळली की पुढच्या पुंगळीत दोघींचा वाटा जातो. म्हणजे फुसक्या बाराचं जुळं भावंड त्याच डब्यात बसलेलं असू शकतं. शिवाय दारूच नसलेल्या काडतुसात नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरून तिथेच रुतते. तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते. म्हणून वेगळा आवाज आला की थांबायचं, पिस्तूल रिकामं करायचं आणि नळी आरपार मोकळी आहे याची खात्री होईपर्यंत चापाला बोट लावायचं नाही.

उरलेल्या डब्याचं काय करायचं? तयार काडतुसं वजन करून निवडू, असं वाटतं खरं. पण पुंगळ्यांच्या आपापसांतल्या वजनातच काही ग्रेनचा फरक असतो आणि दारू सारी मिळून ५ ग्रेन, तेव्हा त्या गर्दीत तिची चूक दिसत नाही. प्रत्येक काडतुसाची गोळी उपसायची, दारू बाहेर काढायची आणि पुन्हा मोजायची. डब्यात पन्नास असतील तर पन्नासच्या पन्नास.