पुरस्काराच्या अर्जासाठी येताना रिजेक्शनचं रजिस्टर घेऊन या
(आमच्या फौंड्री, म्हणजे ओतकामाच्या कारखानावाल्या, आणि मशीन शॉपवाल्या ग्राहकांसाठी)

"माहिती सगळी कंपनी प्रोफाइलमध्ये आहे, त्यातून तुम्हीच अर्ज तयार करा." आम्ही उद्योगांचे पुरस्कारांचे अर्ज लिहून देतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतून फोन आला तरी पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं. म्हणून हे पत्रक काढलं आहे. प्रोफाइल पाठवू नका असं नाही, पण त्यातून अर्ज होत नाही. प्रोफाइल गिऱ्हाइकासाठी छापलेलं असतं. 'अत्याधुनिक यंत्रसामग्री', 'दर्जाशी तडजोड नाही', 'तीस वर्षांचा विश्वास' ही वाक्यं तिथे शोभतात. परीक्षकाच्या टेबलावर अशी वाक्यं असलेले अर्ज गठ्ठ्याने पडलेले असतात आणि त्यांना गुण द्यायला त्याच्या तक्त्यात रकानाच नसतो.

तो काय बघतो, हे गुपित नाही. अमेरिकेत १९८७च्या कायद्याने सुरू झालेल्या बाल्ड्रिज पुरस्कारात हजार गुणांपैकी ४५० गुण वर्षानुवर्षे फक्त निकालांना होते. आपल्याकडे १९९६ मध्ये सुरू झालेला रामकृष्ण बजाज राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार त्याच धाटणीचा आहे. निकाल तपासताना मुख्य प्रश्न तीन: आज तुम्ही कुठे आहात, गेली काही वर्षं आकडा कोणत्या दिशेने चालला आहे, आणि तुमच्यासारख्या इतरांच्या तुलनेत तो कसा आहे. महाऊर्जाचा (राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेचा) राज्य पातळीवरचा पुरस्कार घ्या, नाहीतर १४ डिसेंबरला दिला जाणारा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन पुरस्कार घ्या, तिथेही विचारणा हीच: आधी किती जळत होतं आणि आता किती जळतं.

आमचा आणि तुमचाही सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक इथेच होते. ग्राहक आकडा देतात, पण त्याला पाया नसतो. 'रिजेक्शन (खराब म्हणून बाद झालेला माल) निम्म्यावर आणलं' असं लिहून येतं. कशाच्या निम्म्यावर? नगांवर की वजनावर? फेटलिंगला (ओतलेला नग घासून साफ करताना) बाजूला काढलेलं, की मशीनिंगनंतर ग्राहकाकडून परत आलेलं धरून? कोणत्या महिन्याची कोणत्या महिन्याशी तुलना? हे विचारायला आम्ही फोन करतो, मालक मॅनेजरला विचारतात, मॅनेजर क्वालिटीवाल्याला, आणि चार दिवस जातात. मग उत्तर येतं, जुलैची तुलना जानेवारीशी केली होती. फौंड्रीत हे चालत नाही. पावसाळ्यात साच्याची वाळू ओली येते, ब्लो होल (वायूमुळे नगात राहणारी पोकळ भोकं) वाढतात. जानेवारीत रिजेक्शन आपोआपच उतरतं, त्यात तुमचं कर्तृत्व काय? जुलैची तुलना मागच्या जुलैशीच करायची.

एक उदाहरण सांगतो. आकडे बदलले आहेत, कारण हिशेब ग्राहकाचा आहे. मालकांनी गुळगुळीत कागदावरचं बावीस पानी प्रोफाइल दिलं होतं. आम्ही एक दिवस शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात कामाच्या जागी, जाऊन बसलो. वाळू तयार करणाऱ्या सँड प्लँटजवळच्या लोखंडी कपाटात मोल्डिंगच्या (साचे बनवण्याच्या) सुपरवायझर मामांची एक वही सापडली. कडेला काळी पडलेली, प्रत्येक पानावर तारीख, पॅटर्न नंबर, ओतलेले नग, फेकलेले नग आणि कारण. मामांच्या ध्यानात आलं होतं की ब्लो होलची ओळ पाऊस लागला की लांबते. त्यांनी दर दोन तासांनी वाळूचा ओलावा मोजायला लावला, आणि तो साडेतीन टक्क्यांच्या वर गेला की मोल्डिंग थांबवून वाळू दुरुस्त करायची असा नियम घातला. पुढच्या पावसाळ्यात रिजेक्शन वजनावर ८ टक्क्यांवरून साडेचारवर आलं.

आता अर्जात काय गेलं ते बघा. महिन्याला १०० टन ओतकाम, म्हणजे साडेतीन टन माल पुन्हा वितळवावा लागला नाही. त्यांच्या फर्नेसच्या लॉगशीटप्रमाणे टनाला ६०० युनिट धरले तर महिन्याला २,१०० युनिट वाचले, तेही फक्त भट्टीचे. सोबत वहीच्या दोन पानांचा फोटो आणि दोन्ही वर्षांची जून ते सप्टेंबरची वीजबिलं. सगळं मिळून दीड पान. प्रोफाइलमधलं एकही वाक्य लागलं नाही, आणि मामांचं नाव अर्जात पहिल्या परिच्छेदात आलं. ते यायलाच हवं होतं.

शॉपभेटीचे वेगळे पैसे का, असं काहीजण विचारतात. कारण अशा वह्या ईमेलवर येत नाहीत. मालकांना त्या आहेत हेच कित्येकदा माहीत नसतं. ज्या आकड्यामागे कागद नाही तो आम्ही लिहीत नाही, कारण तपासणीला माणूस आला की उत्तर तुम्हाला द्यायचं असतं. 'पुरस्कार मिळाला तर दुप्पट घ्या' हेही आम्ही नाकारतो. निकाल आमच्या हातात नाही, अर्ज आहे. आणि 'तुमची निवड झाली आहे, फक्त समारंभाची फी भरा' असा फोन आला असेल, तर त्या अर्जाचं काम आम्ही घेत नाही. ते पैसे ओलावा मोजायच्या मीटरला घाला.

किरकोळ पण अडकवणाऱ्या दोन गोष्टी. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या मर्यादा वाढल्या आहेत. लघुसाठी आता गुंतवणूक २५ कोटींपर्यंत आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत चालते. आधी मध्यम गटात असलेले काहीजण आता लघु गटात येतात, तेव्हा उद्यम प्रमाणपत्र (सरकारी उद्योग नोंदणीचं) बघूनच गट निवडा. दुसरं, उलाढाल ताळेबंदात लाखात आणि अर्जात कोटीत असेल तर शून्यं दोनदा मोजा.

शेवटच्या तारखेआधी किमान तीन आठवडे या. त्याहून कमी दिवस असतील तर नवीन काम आम्ही घेत नाही. पण मागच्या वर्षी नाकारलेला अर्ज असेल तर तो कधीही घेऊन या. तासभर बसून कुठे गुण गेले ते सांगतो, त्याचे पैसे नाहीत. येताना दोन वर्षांची वीजबिलं, फर्नेसची लॉगशीट आणि रिजेक्शनचं रजिस्टर आणा. रजिस्टर नसेल तर आधी मोल्डिंगच्या सुपरवायझरला विचारा, त्यांच्या कपाटात एखादी वही असेल.